आधी डोंगर की आधी जंगल?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना बोलण्यातला सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय कोणता घेऊ, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, नॉमिनेशनवर बोलतो. ते म्हणाले, "काका, नॉमिनेशनवर तुम्ही दर वार्षिक सभेत बोलता. या वेळी आफ्रिकेचं सांगा." तेव्हा नॉमिनेशनचे फॉर्म ज्यांनी अजून भरलेले नाहीत त्यांनी ते भरावेत, एवढं सांगून मी आफ्रिकेकडे वळतो.

आपण इथे शिरगावात राहायला आलो तेव्हा गच्चीवरून चारी बाजूंनी डोंगर दिसायचे. मलंगगडाची रांग, चंदेरीचा सुळका, लांबवर माथेरान. आता मधे टॉवर उभे राहिले, तरी पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात उभं राहिलं की थोडे दिसतात अजून. निवृत्त झाल्यावर मी रोज पहाटे गच्चीवर फेऱ्या मारायला लागलो. डोंगर रोज समोर दिसत राहिला की एक दिवस तो बोलवतो. आधी कोंडेश्वर, मग नेरळहून माथेरान पायी, मग एका डिसेंबरात बारी गावातून कळसूबाई. तिथल्या लोखंडी शिड्या चढून महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर, १६४६ मीटरवर उभा राहिलो, तेव्हा वयाची पासष्टी झाली होती. डोक्यात हवा गेली, हे कबूल करतो. त्याच हवेत किलिमांजारोचं नाव आलं.

किलिमांजारो हा आफ्रिका खंडातला सर्वांत उंच पर्वत. टांझानियात आहे. उंची ५८९५ मीटर, म्हणजे साडेतीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी थोडा उरतो. पण दोर, कुऱ्हाडी, बर्फातली कसरत असं काही लागत नाही. नेहमीच्या वाटांनी पायी चालत जाता येतं. म्हणून तर आपल्याकडची कितीतरी मंडळी तिथे जातात, २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला वर तिरंगा फडकवतात. अवघड असते ती हवा. वर गेलं की प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शिखरावर तर समुद्रसपाटीच्या निम्माच.

आणि त्याच देशात, त्या पर्वतापासून गाडीनं एका दिवसाच्या अंतरात, जगातली सगळ्यात गाजलेली जंगलं. सेरेंगेटी, गोरोंगोरो, तारांगिरे. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न येतोच. आधी डोंगर चढायचा की आधी सफारी करायची?

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न पडत नाही. इथे ऋतूच तो सोडवून टाकतो. गडकिल्ले पावसाळ्यानंतर आणि थंडीत, ताडोबा उन्हाळ्यात, कारण पाणवठ्यावर जनावर दिसतं. पावसाळ्यात तर ताडोबाचा आतला भाग बंदच असतो. पण टांझानियात जानेवारी-फेब्रुवारी हा डोंगरालाही चांगला आणि जंगलालाही चांगला. दोन्ही दारं एकदम उघडी. मग आधी कुठल्या दारातून शिरायचं?

मी बँकेतला माणूस. कर्जाचा प्रस्ताव आला की एका बाजूला जमेच्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला जोखमी, अशी टिपणी लिहायची सवय. वहीत उभी रेघ मारली आणि बसलो. ती टिपणी थोडक्यात सांगतो. आपल्यातली तरुण मंडळी जाणार असतील तर उपयोगी पडेल.

आधी सफारी करावी म्हणणाऱ्यांचं पहिलं म्हणणं असं, की लांबच्या विमानप्रवासानं झोपेचं वेळापत्रक बिघडतं, ते सफारीत सावरतं. अमेरिकेहून येणाऱ्याला हे ठीक आहे. आपल्या आणि त्यांच्या घड्याळात अडीच तासांचा फरक. आपल्याला काय सावरायचंय? दुसरं म्हणणं, सफारीत थोड्या उंचीवर राहिलं की शरीराला सवय होते. यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. गोरोंगोरोचा काठ २३०० मीटरच्या आसपास आहे आणि उंचीचा त्रास साधारण अडीच हजारांच्या पुढे सुरू होतो. म्हणजे जिथे सवय लागायला हवी तिथपर्यंत सफारी पोचतच नाही. तिसरं मात्र खरं. विमानात सामान मागे राहिलं तर सफारीत चालून जातं, डोंगरावर बूट नसतील तर सगळं संपतं. त्यावर उपाय सोपा आहे. बूट पायात घालूनच विमानात बसायचं. मी तसाच बसलो. मुंबईच्या विमानतळावर लोक माझ्या पायांकडे बघत होते.

आधी डोंगर म्हणणाऱ्यांचं पारडं जड. माणूस घरून निघतो तेव्हा ताजा असतो, सराव केलेला असतो, पोट ठिकाणावर असतं. सफारीत पहाटे उठणं, दिवसभर जीपमध्ये हादरे, धूळ, रात्री लॉजवर वाढून ठेवलेलं भरपूर जेवण. पाच दिवसांत चालायचे पाय बसायचे होतात. धुळीनं घसा धरतो, आणि डोंगरावर खोकला म्हणजे संकटच. अजून एक मुद्दा मला डॉक्टरांनी सांगितला. खालच्या जंगलात मलेरियाचे डास असतात. डास चावल्यावर ताप यायला आठवडाभर किंवा जास्त लागतो. म्हणजे सफारीत चावलेला डास डोंगरावर ताप देणार. मग डोकं दुखतंय ते उंचीनं की मलेरियानं, हे तिथे कोण ठरवणार? उलट डोंगर उतरून आलेल्या पायांना जीपमध्ये बसणं म्हणजे औषधच.

तेव्हा निकाल स्पष्ट होता. आधी डोंगर, मग जंगल. टिपणीखाली सही करून मी ती वही स्वयंपाकघरात नेली.

आता इथे थोडं थांबून आमच्या घरचं सांगायला हवं. समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आत्ताच मान हलवायला लागल्या आहेत. हिचं माहेर चंद्रपूर. ताडोबा तिथून जवळ. लहानपणी शेजारीपाजारी सगळ्यांकडून वाघाच्या गोष्टी ऐकलेल्या. पण वाघ प्रत्यक्ष पाहिलेला नाही. लग्न झालं १९७७ साली. तेव्हा मी म्हटलं होतं, नोकरीत जरा स्थिर झालो की तुला ताडोबा दाखवीन.

बँकेत आम्हाला एलटीसी असायची, म्हणजे प्रवास सवलत. दर काही वर्षांनी सहकुटुंब कुठेतरी जाता यायचं. दर वेळी ही म्हणायची, जंगल. दर वेळी मी म्हणायचो, नंतर. एकदा ३१ मार्चचं क्लोजिंग. एकदा प्रमोशनची परीक्षा. एकदा बदली. एकदा थोरल्याची दहावी, मग धाकटीची बारावी. दोनदा आईवडिलांना काशी-रामेश्वर, आणि ते योग्यच होतं. एकदा तर सवलतीचे पैसे घेऊन घराचा हप्ता भरला. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण चाळीस वर्षांत जे जे पुढे ढकललं गेलं ते कायम हिचंच होतं, हे मला कधी जाणवलं नाही. हिशोब तपासणं हा माझा धंदा आणि घरातल्याच खात्यात ही नोंद मला दिसली नाही.

तर मी वही पुढे केली. शिवाय माझ्या मनात आणखी एक होतं, तेही बोललो. म्हटलं, एकदम दोन्हीचा खर्च फार होतोय. या वर्षी मी एकटा डोंगर करून येतो. पुढच्या वर्षी आपण दोघं सफारीला जाऊ.

ही पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. म्हणाली, "तुमच्या बँकेत कोणी कर्जदार म्हणाला, हप्ता पुढच्या वर्षी देतो, तर तुम्ही काय करायचात?"

मी म्हटलं, "तारण मागायचो."

"मग मीही मागते. आधी डोंगर करा, माझं काही म्हणणं नाही. कारणं पटली मला. पण जायचं एकाच प्रवासात, आणि माझ्या सफारीचे पैसे आत्ता, डोंगराच्या पैशांच्या आधी भरायचे. आणि एक अट. वर जरा जरी बिघडलं तरी माघारी फिरायचं. तुमच्या डोंगरापायी माझं जंगल बुडायचं नाही."

दोन दिवस मी गप्प होतो. मग एक मुदत ठेव मोडली, सफारीचे पैसे भरले. परत न मिळणारे होते. पावती हिनं आपल्या पर्समध्ये ठेवली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आम्ही निघालो. चढणारे आम्ही सातजण, मुंबई-पुण्याकडचे. सगळ्यात वडील मी. आणि पायथ्याच्या मोशी गावात थांबणाऱ्या दोघी, ही आणि नाशिकच्या एक बाई.

तिथल्या स्वाहिली भाषेची गंमत सांगतो. अरब आणि आपले व्यापारी शेकडो वर्षं त्या किनाऱ्यावर ये-जा करत होते, त्यामुळे त्यांच्या भाषेत आपल्या ओळखीचे शब्द भेटतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, साबणाला ‘साबुनी’, चहाला ‘चाय’, पोळीला ‘चपाती’. ‘सफारी’ म्हणजे तर नुसता प्रवास, आपल्या ‘सफर’चाच भाऊ. विम्याला ‘बिमा’ म्हणतात हे कळल्यावर तर मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

डोंगरावर जायच्या अनेक वाटा आहेत. आम्ही मारांगू ही वाट घेतली, कारण तेवढ्या एकाच वाटेवर तंबूऐवजी लाकडी खोल्या आणि झोपायला बाक असतात. वयाला मान. सहा दिवसांचा हिशोब. पहिला मुक्काम मांडारा, २७०० मीटर. दाट ओलं जंगल, झाडांवर काळीपांढरी माकडं. दुसरा होरोंबो, ३७०० मीटर. झाडं संपतात, माणसाहून उंच, कोबीच्या गड्ड्यांसारखी टोकं असलेली विचित्र झुडपं लागतात. तिसऱ्या दिवशी तिथेच थांबून, थोडं वर जाऊन परत खाली यायचं, म्हणजे शरीराला सवय होते. तिथे पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांचा एक कडा आहे, त्याला झेब्रा रॉक्स म्हणतात. चौथ्या दिवशी किबो, ४७०० मीटर. तिथे गवताचं पातंही नाही, नुसती माती आणि दगड.

प्रत्येक मुक्कामाला एक जाडजूड रजिस्टर असतं. नाव, देश, वय, वेळ, सही. मला अगदी बँकेतल्या मस्टरची आठवण झाली. वयाच्या रकान्यात ६६ लिहिताना मी जरा छाती पुढे काढत होतो. गाईड मात्र दिवसभर एकच मंत्र म्हणत होता, "पोले पोले." म्हणजे हळू, हळू. त्याच्याजवळ बोटाला लावायचं एक छोटं यंत्र होतं, रोज संध्याकाळी तो प्रत्येकाचा ऑक्सिजन मोजून वहीत लिहायचा. तेव्हा आम्हाला त्या यंत्राचं कौतुक वाटलं. दोनच वर्षांनी ते आपल्या प्रत्येकाच्या घरात आलं, आणि तेव्हा कौतुक नाही, धडकी वाटायची.

किबोहून शिखराची चढाई मध्यरात्री सुरू होते. डोक्याला विजेरी, अंगात पाच थर, तरी थंडी हाडात. पायाखाली बारीक खडी, दोन पावलं टाकली की एक मागे घसरतं. डोकं संध्याकाळपासूनच ठणकत होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. ही माझी पहिली चूक. वर जायच्या हट्टापायी माणूस आधी लक्षणं लपवतो. ताळेबंद सजवणारे कर्जदार मी आयुष्यभर पकडले आणि तिथे मी स्वतःच ताळेबंद सजवत होतो.

साधारण ५१५० मीटरवर एक गुहा आहे, हान्स मायर केव्ह. १८८९ साली हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर हे या पर्वताच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले, त्यातल्या मायरचं नाव तिला आहे. तिथे विसाव्याला बसलो आणि मला उलटी झाली. गाईडनं यंत्र लावलं. ६६. माझ्या वयाएवढा आकडा. त्यानं काही न बोलता मला उभं केलं आणि एका रेषेत, टाचेला बोट लावून चालून दाखवायला सांगितलं. मी चाललो. मला वाटलं सरळ चाललो. तो म्हणाला, तीनदा कडेला गेलात. चालण्यातला तोल जाणं ही उंचीच्या आजारातली सगळ्यात वाईट खूण. मेंदूला सूज यायला लागल्याची ती निशाणी असते आणि त्यावर खरा उपाय एकच, लगेच खाली उतरणं.

शिखर तिथून साडेसातशे मीटर वर होतं. वर जाणाऱ्या बाकीच्यांच्या विजेऱ्या एका ओळीत दिसत होत्या, पालखीच्या वाटेवरच्या दिव्यांसारख्या. मी गाईडला म्हटलं, अर्धा तास थांबून बघू या. मनात हिशोब चालला होता. दोन वर्षांचा सराव, मोडलेली ठेव, सोसायटीत सगळ्यांना सांगून आलोय. आणि पुन्हा कधी? हे वय परत येणार नाही.

खरं सांगतो, त्या वेळी मला ना देव आठवला, ना मुलं. मला हिची पर्स आठवली. त्यातली ती पावती. चौथ्या दिवशी सफारीची जीप मोशीत येऊन उभी राहणार होती. मी इथे पडलो तर त्या बाईचं जंगल पुन्हा एकदा ‘नंतर’. आणि या वेळच्या नंतरला काही अर्थच उरणार नव्हता.

मी म्हटलं, उतरू या.

उतरणं सोपं नव्हतं, मदतनीसानं दंडाला धरूनच आणलं. पण शंभर-दोनशे मीटर खाली आल्यावरच डोक्यातला घण थांबल्यासारखा झाला. किबोच्या दाराशी बसून काळा चहा प्यायलो, आणि समोर मावेंझीच्या काळ्या सुळक्यांमागून सूर्य वर आला. शिखरावरून तो कसा दिसतो ते बाकीच्यांनी फोटोत दाखवलं. आमच्या सातातले पाचजण वर पोचले. त्यांना प्रमाणपत्र मिळालं. ते निदान विवराच्या कडेवर, गिलमन्स पॉइंटला, पोचलेल्यांनाच देतात. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही. रजिस्टरात सही तेवढी आहे.

मोशीत हॉटेलच्या पायऱ्यांवर ही उभी होती. मला वाटलं विचारील, वर गेलात का. तिनं विचारलं, "चालत आलात ना?" मी हो म्हटलं. "झालं तर मग."

तिकडे ही काही नुसती वाट बघत बसली नव्हती. मोशी म्हणजे कॉफीचा मुलूख. डोंगराच्या उतारावरचे चाग्गा शेतकरी कॉफी पिकवतात आणि त्यांची सहकारी संघटना आहे, १९३०च्या दशकापासूनची, आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. हिनं ती इमारत पाहून घेतली, कॉफी घेतली आणि मला सांगितलं, "सहकार इथेही आहे हो. पण तुमच्यासारखी भांडणं करतात का ते कळलं नाही."

मग सफारी. डोंगर आधी केल्याचा फायदा तिथे कळला आणि तोटाही. फायदा असा की मनावर कसलंच ओझं नव्हतं. चढायचं राहिलेलं असतं तर हत्ती बघतानाही मी गुडघ्यांचाच विचार केला असता. तारांगिरेत गोरखचिंचेची प्रचंड झाडं आणि त्यांच्या सावलीत हत्तींचे कळप. सेरेंगेटीच्या दक्षिण भागात त्या दिवसांत विल्डबीस्टची वीण चालू असते. नजर जाईल तिथवर जनावरं. काही आठवड्यांत लाखो वासरं जन्माला येतात. आमच्यासमोर एक वासरू जमिनीवर पडलं आणि काही मिनिटांत लटपटत उभं राहिलं. ही जीपच्या उघड्या छतातून उभी राहून बघत होती, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. चाळीस वर्षांत इतका वेळ एका जागी काम न करता उभी राहिलेली मी तिला पाहिली नव्हती.

तोटा माझ्या वाट्याला आला. डोंगरावरचा खोकला छातीत उतरला होता. गोरोंगोरोच्या काठावर रात्री कडाक्याची थंडी, मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी विवरात उतरायचं होतं. सुमारे ६०० मीटर खोल, २६० चौरस किलोमीटरचा तो खड्डा म्हणजे सफारीचा कळस. पहाटे ही उठली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "मी थांबते. तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ?"

आता बघा, पुन्हा तेच. पुन्हा हिचं ‘नंतर’. आणि या वेळी मी काही बोलायचीही गरज नव्हती. चाळीस वर्षांच्या सवयीनं ती आपणच आपली इच्छा बाजूला ठेवत होती.

मी म्हटलं, "पावती कुठे आहे?"

"पर्समध्ये."

"पैसे परत मिळणार आहेत?"

"नाही."

"मग जा. मी गोळी घेऊन झोपतो. लॉजवर माणसं आहेत."

ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशिवाय जंगलात गेली. संध्याकाळी चारला परत आली आणि तासभर बोलत होती. सिंहाचं अख्खं कुटुंब. पाणघोडे. आणि लांब गवतात एक काळा गेंडा, जो भल्याभल्यांना दिसत नाही. मी गेंडा पाहिलेला नाही. ऐकलेला आहे. या सात वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की आता पाहिल्यासारखाच वाटतो. (हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी ऐकलाय.)

बदलापूरला आल्यावर मलेरियाची तपासणी केली, तो निघाला नाही. खोकला पंधरा दिवसांत गेला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती, ती वर्षभरात नवी आली.

आता मुद्द्याचं सांगतो.

२०१९ मध्ये हिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, ऑपरेशन करावं लागलं. २०२० मध्ये काय झालं ते सांगायला नको, आपण सगळे याच इमारतींत दारं लावून बसलो होतो. त्यानंतर माझ्या हृदयात एक स्टेंट बसली. म्हणजे मी सुचवलं होतं तसं, "या वर्षी डोंगर, पुढच्या वर्षी सफारी" असं केलं असतं, तर ते पुढचं वर्ष कधी आलंच नसतं. मी किलिमांजारोला जाऊन आलो असतो आणि हिला जन्मभर फोटो दाखवत बसलो असतो. किंवा कदाचित खाली वाट बघणारं काही नाही म्हणून त्या रात्री हट्टानं वर गेलो असतो आणि फोटो दाखवायलाही राहिलो नसतो.

तेव्हा आधी डोंगर की आधी जंगल, याचं उत्तर माझ्या वहीत बरोबरच होतं. कोणी विचारलं तर आजही तेच सांगीन, आधी डोंगर. पण त्या वहीत एक रकाना मी आखला नव्हता, तो हिनं आखला. ‘नंतर’ ठेवलेल्या गोष्टीची तरतूद केली आहे का? बँकेत आम्ही तरतूद कशाला म्हणायचो? पुढे येणाऱ्या खर्चासाठी आजच्या नफ्यातून बाजूला काढून ठेवलेली, दुसरीकडे वापरता न येणारी रक्कम. ती केलेली असेल तरच त्या ‘नंतर’ला किंमत. नाहीतर नंतर म्हणजे नाही, फक्त सभ्य भाषेत.

आपल्या सोसायटीला हे बरोबर कळतं. सिंकिंग फंड म्हणजे दुसरं काय आहे? उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दर वर्षी प्रत्येकाकडून घेतो आपण. मी खजिनदार असताना "इमारत तर नवी आहे, आत्ता कशाला, नंतर बघू" असं म्हणणारे होते. नावं घेत नाही, काही जण आज इथे बसलेत. तो फंड होता म्हणून पंचवीस वर्षांनी आपल्याला इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा विचार कर्ज न काढता करता येतोय. इमारतीसाठी आपण हे केलं. घरातल्या माणसांसाठी किती जणांनी केलंय? आपल्या सगळ्यांच्या घरात कोणीतरी एक असतं, ज्याचं कायम ‘नंतर’ असतं. बहुतेक वेळा ती आई असते किंवा बायको. कधी एखाद्या घरात ते वडीलही असतात. आज घरी गेल्यावर विचारा त्यांना, तुमचं काय राहिलंय? ते म्हणतील, काही नाही. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. मी चाळीस वर्षं ठेवला होता.

शेवटचं एक. सफारीहून परतताना विमानात ही म्हणाली, "सगळं पाहिलं. पण वाघ काही आफ्रिकेत नसतो." म्हणजे १९७७ चा हप्ता अजून थकीतच आहे. तेव्हा सभासदांच्या माहितीसाठी सांगतो, येत्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं ताडोबाला जातोय, मोहर्ली गेटनं. नातू गाडी चालवणार आहे. या वेळी डोंगर वगैरे काही नाही. आधीही जंगल आणि नंतरही जंगल. पैसे भरलेत. पावती पर्समध्ये आहे.

आणि वाघ दिसला की पुढच्या वार्षिक सभेत नॉमिनेशनऐवजी त्याच्यावर बोलीन.